नळीच्या बाजूने: आमच्या सामायिक एनएमआर आणि क्ष-किरण यंत्रांचं अपग्रेड, दहा महिन्यांनंतर

माझं प्रथिन ११८ अमिनो आम्लांचं आहे आणि स्वभावाने चिडकं आहे. १५ अंश सेल्सिअसला चार-पाच दिवस गुण्यागोविंदाने राहतं. २५ अंशांना रात्रभर ठेवलं, की सकाळी नळीच्या तळाशी पांढरा साका. एक चांगली नळी भरायला मला तीन आठवडे लागतात. जिवाणू वाढवायचे, त्यांना नायट्रोजन-१५ आणि कार्बन-१३ असलेलं खाद्य द्यायचं, मग ते फोडायचे, दोन-तीन कॉलममधून गाळायचे, आणि एवढ्या उठाठेवीनंतर हाती येतं अर्धा मिलिलिटर द्रावण. त्यामुळे विद्यापीठाच्या सामायिक उपकरण केंद्रात काही नवं आलं की यंत्र किती भारी आहे हा प्रश्न मला फारसा पडत नाही. माझ्या नळीचं तिथे काय होणार, एवढंच मी बघते. हे परीक्षणही त्याच बाजूने लिहिलंय. ज्यांचं प्रथिन टेबलावर आठवडाभर पडून राहिलं तरी हू की चू करत नाही, त्यांनी माझ्या तक्रारी निम्म्या धराव्यात.

आधी काय काय बदललं ते सांगते. ६०० मेगाहर्ट्झ एनएमआरचं, म्हणजे प्रबळ चुंबकात ठेवलेल्या रेणूतल्या अणूंचे रेडिओ सिग्नल ऐकून त्याची रचना उलगडणाऱ्या यंत्राचं, चुंबक तेच राहिलं. त्याला नवा कन्सोल (सिग्नल पाठवणारं-टिपणारं इलेक्ट्रॉनिक्सचं कपाट) आला, क्रायोप्रोब (नळीभोवतीच्या, थंड केलेल्या कॉइलचा भाग) आला आणि नमुने आपोआप चढवणारा सॅम्पल चेंजर आला. क्ष-किरणांच्या खोलीतला फिरत्या ॲनोडचा स्रोत निवृत्त झाला. त्याजागी मायक्रोफोकस सीलबंद ट्यूब आणि फोटॉन मोजणारा पिक्सेल डिटेक्टर बसला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला नवा कॅमेरा मिळाला. शिवाय बुकिंगचं नवं सॉफ्टवेअर, ज्याच्याबद्दल चार शब्द पुढे येतीलच.

चुंबक न बदलण्याचा निर्णय मला सगळ्यात पटला आणि त्यावरच सगळ्यात जास्त वाद झाला होता. बऱ्याच जणांना ८०० मेगाहर्ट्झ हवं होतं. आकडा मोठा, पाट्या छान दिसतात. पण चुंबक ही या यंत्रातली सगळ्यात कमी म्हातारी होणारी गोष्ट आहे. द्रव हेलियममध्ये ४.२ केल्व्हिनला बुडालेली अतिवाहक तारेची ती गुंडाळी, एकदा तिच्यात विद्युतप्रवाह सोडला की बाहेरून वीज न देता तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. हेलियम आणि नायट्रोजन वेळच्या वेळी भरत राहा, बास. आमचं १४.१ टेस्लाचं चुंबक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जसं होतं तसंच आजही आहे. म्हातारा होतो तो कन्सोल. त्याचे बोर्ड जातात, बोर्ड बनवणारे ते बनवणं थांबवतात, आणि मग ऑपरेटर दुसऱ्या कुठल्यातरी केंद्रात मोडीत निघालेल्या यंत्राचे अवयव मिळवून आपलं यंत्र जिवंत ठेवतो. आमच्याकडे शेवटची दोन वर्षं हेच चाललं होतं.

आणि हिशोबही सरळ आहे. क्षेत्र वाढवलं की संवेदनशीलता साधारण क्षेत्राच्या दीड घाताने वाढते. म्हणजे ६०० वरून ८०० वर उडी मारली तर कागदावर जेमतेम दीडपट. क्रायोप्रोब त्याच चुंबकात तिप्पट-चौपट देतो. ज्यांची प्रथिनं फार मोठी आहेत, ज्यांचे स्पेक्ट्रममधले ठिपके एकमेकांवर चढतात, त्यांना मोठ्या क्षेत्राचं विभेदन हवंच होतं, आणि त्यांचा हिरमोड झाला हे मला मान्य आहे. पण केंद्राच्या बुकिंगमध्ये बहुतेक नळ्या माझ्यासारख्या छोट्या प्रथिनांच्या आणि रसायनशास्त्राच्या मुलांच्या असतात.

चौपट म्हणजे काय, हे एनएमआर न करणाऱ्यांना सांगायला हवं. यंत्र तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करून बेरीज करत जातं. सिग्नल बेरजेने वाढतो आणि गोंगाट त्याच्या वर्गमुळाने. स्वच्छता दुप्पट हवी असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. उलटं धरलं तर प्रोब चौपट चांगला झाला, की तेच चित्र सोळाव्या हिश्शाच्या वेळात मिळतं. चार-पाच दिवसांचं आयुष्य असलेल्या प्रथिनाला याहून मोठी भेट नाही.

माझ्या नळीला मात्र सोळापट मिळालं नाही, निदान सुरुवातीला तरी. पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने जुन्याच पद्धतीने भरलेली नळी लावली. जुन्या प्रोबवर दोन तास घेणारा एचएसक्यूसी, म्हणजे प्रथिनाच्या ठिपक्यांचा नकाशा काढणारा नेहमीचा प्रयोग, नव्यावर अर्ध्या तासात झाला. वाईट नाही, पण ऐकलं होतं त्यापेक्षा खूपच कमी. नव्वद अंशांची पल्स (अणूंचं चुंबकत्व काटकोनात वळवायला लागणारा रेडिओ लहरींचा झटका) मोजली, तर आठ मायक्रोसेकंदांच्या जागी तेरा. ऑपरेटर मॅडमनी आकडा पाहिला आणि विचारलं, “मीठ किती आहे गं यात?”

तीनशे मिलिमोलर सोडियम क्लोराइड. त्याशिवाय माझं प्रथिन विरघळलेलंच राहत नाही, असा आमच्या लॅबचा वर्षानुवर्षांचा समज.

क्रायोप्रोबची सगळी करामत त्याच्या थंड कॉइलमध्ये आहे. कॉइल आणि तिच्यामागचा प्रवर्धक थंड केले, कॉइल तर २० केल्व्हिनच्या आसपास, की धातूतल्या इलेक्ट्रॉनांची उष्णतेमुळे होणारी चुळबुळ खूप कमी होते आणि तिच्याबरोबर गोंगाटही. नमुना तिच्यापासून काही मिलिमीटरवर, मध्ये निर्वात पोकळी, तरी आपल्याच तापमानाला सुखरूप. पण नळीतलं द्रावण खारट असेल तर ते स्वतःच वीज वाहून नेतं आणि स्वतःच गोंगाट करतं. कॉइल थंड केली, पण मीठ गरमच! जुन्या प्रोबवर हा फरक कळायचा नाही, कारण तिथे कॉइलचाच कलकलाट इतका की मिठाची कुजबुज कोणाला ऐकू येणार?

मग महिनाभर मी बफरच्या, म्हणजे प्रथिन ज्यात विरघळलेलं असतं त्या द्रावणाच्या, मागे लागले. पाण्यात सुळकन पळणारे सोडियम-क्लोराइडसारखे आयन वीज चांगली वाहतात. मोठे, जडशीळ आयन कमी. तेव्हा फॉस्फेट काढून बिस-ट्रिस आणि एमईएस घातलं, मीठ ५० मिलिमोलरवर आणलं, आणि प्रथिन खाली बसू नये म्हणून ५० मिलिमोलर आर्जिनिन आणि तितकंच ग्लुटामेट. शिवाय ५ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटरची नळी. तिच्यात द्रावण कमी, म्हणून गोंगाटही कमी. आणि मला ५५० ऐवजी १८० मायक्रोलिटरच भरावं लागतं. तोच एचएसक्यूसी आता बारा मिनिटांत होतो. तीन आठवड्यांच्या मेहनतीत तीन नळ्या भरतात. प्रोबला माझ्याकडून पाच तारे. पण बफर बदलण्याबद्दलची ही सूचना केंद्राच्या माहितीपत्रकात एका ओळीने तरी असायला हवी होती. तिथे फक्त यंत्राचा चकचकीत फोटो आहे.

कन्सोलविषयी थोडक्यात: सुंदर. पूर्वी प्रत्येक नळीला चुंबकाखाली गुडघ्यांवर बसून लांब दांड्या फिरवत ट्यूनिंग-मॅचिंग (कॉइलचा सूर नळीशी जुळवणं) करावं लागायचं, आता ते खुर्चीत बसल्या बसल्या आपोआप होतं. शिमिंगला, म्हणजे नळीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र एकसारखं करायला, पाऊण तास जायचा, आता तीन-चार मिनिटं. जुन्या लोकांना याची थोडी हळहळ वाटते, कारण हाताने शिम करणं ही एक कला होती. मला अजिबात वाटत नाही. त्या पाऊण तासात माझं प्रथिन म्हातारं होत होतं.

जुने पल्स प्रोग्रॅम, म्हणजे प्रयोगाच्या लिहून ठेवलेल्या आज्ञावल्या, मात्र नव्या कन्सोलवर जसेच्या तसे चालत नाहीत. पाण्याचा सिग्नल दाबायच्या युक्त्या नव्याने बसवाव्या लागतात, कारण हा प्रोब इतका तिखट कानाचा आहे की पाणीच उलट त्याला ओढायला लागतं. मॅडमनी नेहमीचे सगळे प्रयोग एका फोल्डरमध्ये तयार करून ठेवलेत. तुमच्या गाइडने कधीकाळी स्वतः लिहिलेला खास प्रोग्रॅम असेल तर दोन दिवस वेगळे काढा.

आता माझी फजिती. ती सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही.

अपग्रेडच्या आधी मी एक टायट्रेशन सुरू केलं होतं. माझ्या प्रथिनात एक छोटा रेणू थोडा थोडा घालायचा आणि एचएसक्यूसीमधले ठिपके कुठे सरकतात ते पाहायचं. प्रोलीन सोडून जवळपास प्रत्येक अमिनो आम्लाचा एक ठिपका असतो. ज्याचा ठिपका सरकला, त्याच्या आसपास काहीतरी घडलं. पहिले तीन बिंदू जुन्या प्रोबवर झाले. मग यंत्र दोन महिने बंद. उरलेले बिंदू नव्यावर घेतले. आणि काय आश्चर्य! ४६ ते ५३ या लूपमधले, म्हणजे साखळीच्या एका सैल वळशातले, ठिपके ०.०२ पीपीएमने सरकलेले, बाकीचं प्रथिन जवळपास स्थिर. दुर्बळ बंधनाचं चित्र अगदी असंच दिसतं. मी गाइडना दाखवलं, लॅब मीटिंगमध्ये दाखवलं, लूपवर बोट ठेवून रेणू तिथे कसा बसत असेल याची चित्रंही काढली.

मॅडम एवढंच म्हणाल्या, “अगं, मिथेनॉल लावलंस का?”

नव्हतं लावलं. रेणू न घातलेल्या प्रथिनाचा शून्याचा बिंदूसुद्धा नव्या प्रोबवर घेतला नव्हता, कारण नमुना वाचवायचा होता. मिथेनॉलची नळी म्हणजे एनएमआरचा थर्मामीटर. त्याच्या दोन शिखरांमधलं अंतर तापमानाप्रमाणे बदलतं, त्यावरून नळीच्या आत खरं किती आहे ते कळतं. पडद्यावरचा आकडा हा प्रोबमध्ये नळीच्या खाली बसवलेल्या संवेदकाचा असतो, नळीतल्या द्रावणाचा नव्हे. मोजलं तेव्हा नवा प्रोब दोन-तीन दशांशांत बरोबर निघाला. लबाड होता जुना. त्याची नोंद मॅडमनी पूर्वी केव्हातरी केलेल्या मोजणीत सापडली: पडद्यावर १५, आत जवळजवळ १८.

म्हणजे माझे निम्मे बिंदू १८ अंशांचे आणि निम्मे १५ चे. तापमान तीन अंशांनी बदललं की ठिपके सरकतातच, पण सगळे सारखे सरकत नाहीत. ज्या एनएच गटाचा हायड्रोजन प्रथिनाच्याच आत बंधात अडकलेला असतो तो कमी हलतो. जो उघड्यावर, पाण्याशी सलगी करत असतो तो जास्त. उघड्यावर कोण? लूप. माझा रेणू कुठेही बसला नव्हता. मी तापमानाचा आलेख काढून त्याला बंधन म्हणत होते. रेणूशिवायची नळी नव्या प्रोबवर लावली तर तेच ठिपके, तिथेच सरकलेले.

यात यंत्राचा दोष नाही. पण प्रोब बदलताना जुन्या आणि नव्या तापमानाचा तक्ता वापरणाऱ्यांच्या हाती द्यायला किती वेळ लागला असता? माझ्या प्रबंधात पाच वर्षांच्या मोजण्यांपुढे २८८ केल्व्हिन लिहिलंय, ते आता २९१ करायचंय. केंद्रातल्या कितीजणांना हे माहीतच नसेल, याचा विचार मी मुद्दाम टाळते.

सॅम्पल चेंजरकडे येते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं ते इथे. हा यांत्रिक हात नळ्या एकामागून एक उचलतो, चुंबकात सोडतो, प्रयोग करतो, काढतो, पुढची घेतो. रसायनशास्त्राच्या मुलांसाठी वरदान. चाळीस नळ्या संध्याकाळी लावून ती घरी जातात, सकाळी चाळीस स्पेक्ट्रा तयार. माझी नळी मात्र त्या रांगेत चोविसावी असेल तर तेवीस जणांचं होईपर्यंत ती रॅकमध्ये खोलीच्या तापमानाला उभी. थंड रॅक मिळतो. तो याच चेंजरला बसतो. तो मागवलाच नाही. यादीत होता म्हणे, शेवटच्या काटछाटीत गेला. प्रथिनाच्या कामासाठी म्हणून आणलेल्या यंत्रात प्रथिनाची नळी गरम खोलीत ताटकळते. दोनदा माझा साका झाला. आता मी चेंजर वापरतच नाही. बर्फाच्या डब्यात नळी घेऊन येते आणि स्लॉटच्या वेळी हाताने सोडते, अगदी पूर्वीसारखी. माझ्या हिशोबात चेंजरला एक तारा, तोही रसायनवाल्यांच्या आनंदाखातर.

क्रायोप्रोबचं आणखी एक लोढणं म्हणजे त्याचा कंप्रेसर. हेलियम वायू बंद नळ्यांतून फिरवून कॉइल थंड ठेवणारं हे धूड दिवसरात्र ‘चिक-चुक, चिक-चुक’ करत असतं. रात्री एकटं बसलं की तो आवाज डोक्यात घर करतो. त्याला सतत थंड पाणी लागतं, आणि ते पाणी इमारतीच्या जुन्याच पाइपांतून येतं. पावणेतीनशे रात्रींत तीनदा पाण्याचा दाब पडला, कंप्रेसर बंद, प्रोब गरम व्हायला लागला, यंत्र आपणहून थांबलं. पुन्हा थंड व्हायला अख्खा दिवस जातो. पूर्वी वीज गेली तर तासाभरात सुरू करता यायचं. एकदा माझ्या सोळा तासांच्या एचएनसीएसीबीचे (कुठला ठिपका कुठल्या अमिनो आम्लाचा हे ओळखायचा प्रयोग) अकरा तास झालेले असताना हे घडलं. नशीब, बिंदू क्रमाने न घेता विखुरलेल्या क्रमाने घेतले होते. त्यामुळे होतं तेवढ्यावरून चित्र बरंचसं उभं राहिलं. क्रमाने घेतले असते तर अकरा तास पाण्यात. अक्षरशः. तेव्हापासून मी लांब प्रयोग नेहमी विखुरलेलेच लावते.

क्ष-किरणांच्या खोलीतला माझा वावर मर्यादित. माझं प्रथिन स्फटिक व्हायला तयार नाही; शेजारच्या लॅबमधल्या एका धाकट्या पोराचं होतं, आणि त्याच्याबरोबर मी सात-आठ वेळा बसलेय. पण मत ठाम आहे: या अपग्रेडमधली सगळ्यात मोठी उडी इथे आहे.

जुना स्रोत म्हणजे फिरता तांब्याचा ॲनोड. तांब्यावर इलेक्ट्रॉन आदळले की त्यातल्या ऊर्जेचा जेमतेम एक टक्का क्ष-किरणांत जातो, बाकी सगळी उष्णता. तांबं एकाच जागी वितळू नये म्हणून ते गरगर फिरवायचं, आत पाणी खेळवायचं, भोवती निर्वात ठेवायचा. फिलामेंट जायचं ते हमखास शुक्रवारी संध्याकाळी. त्यापुढे इमेज प्लेट. एकेका अंशाला पाच-पाच मिनिटं प्रकाशित करायची, मग प्लेट वाचायला आणखी दीड-दोन मिनिटं, मग पुढचा अंश. १८० अंश म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस आणि रात्र. स्फटिक तोवर वायुरूप नायट्रोजनच्या १०० केल्व्हिनच्या झोतात जीव मुठीत धरून बसलेला.

नव्या डिटेक्टरमध्ये प्रत्येक पिक्सेल येणारा एकेक फोटॉन मोजतो. वाचनाचा गोंगाट जवळपास नाही, वाचायला लागणारा वेळ मिलिसेकंदांत. त्यामुळे शटर उघड-बंद करायची गरजच उरली नाही. स्फटिक संथ फिरत राहतो, डिटेक्टर ०.२ अंशांचे पातळ काप घेत जातो. पोराच्या पहिल्या स्फटिकाचा पूर्ण डेटा दीड तासात झाला, आणि कॉफी प्यायला गेलेलो आम्ही परत आलो तेव्हा संगणकाने ठिपक्यांची अनुक्रमणी लावून स्फटिकाचा सममिती-गटही सुचवलेला. जुन्या प्लेटवर २.६ अँगस्ट्रॉमच्या (आकडा जितका लहान, तितका तपशील बारीक) पुढे दिसत नसलेल्या त्याच पिढीच्या स्फटिकांनी इथे २.१ पर्यंत ठिपके दिले. सिंक्रोट्रॉनची (अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्राची) पाळी मिळाली की तिथे जायचंच, पण कुठला स्फटिक न्यायचा आणि कुठला इथेच टाकून द्यायचा, हे आता एका दुपारी ठरतं.

आणि तरीही, स्फटिकाच्या बाजूने पाहिलं तर इथेही शेपूट राहिलंच. खोलीला आर्द्रताशोषक नाही. हवा दमट झाली की थंड झोताच्या कडेला बर्फ धरतो, स्फटिकावर चढतो, आणि चित्रात ३.९, ३.७ आणि ३.४ अँगस्ट्रॉमच्या आसपास बर्फाची कडी उमटतात. नेमकी त्याच जागी, जिथे चांगले ठिपके असायला हवेत. पोर एका हातात नायट्रोजनचा प्याला आणि दुसऱ्या हातात कागदाची सुरनळी धरून स्फटिकावरचा बर्फ फुंकरीने उडवत होता. शेजारी हा असा डिटेक्टर!

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर मी दोनदाच बसले, त्यामुळे फार बोलत नाही. इलेक्ट्रॉन थेट मोजणारा नवा कॅमेरा आहे. जुना आधी इलेक्ट्रॉनांचं प्रकाशात रूपांतर करायचा आणि त्यात चित्र पुसट व्हायचं. हा एका चित्राऐवजी छोटी चित्रफीत घेतो, त्यामुळे शलाकेखाली कण हलले तरी नंतर जुळवून घेता येतात. अशाच कॅमेऱ्यांमुळे २०१३ च्या डिसेंबरात टीआरपीव्ही१ या प्रथिनाची ३.४ अँगस्ट्रॉमची रचना स्फटिकाशिवाय मिळाली आणि सगळ्या क्षेत्राचा नूरच पालटला. पण आमच्याकडे ग्रिड (गोठवलेला नमुना धरणारी चिमुकली जाळी) आत घालायचा होल्डर जुनाच आहे: एका वेळी एक ग्रिड, हाताने, आणि नेताना हवेतल्या बाष्पाचा बर्फ त्याच्यावर बसणार नाही अशी प्रार्थना. गोठवलेल्या ग्रिडला कॅमेऱ्याचं कौतुक नंतर. आधी आत धड पोचायचं असतं.

साठवणुकीची सगळी नवी जागा या कॅमेऱ्यानेच गिळली आहे. एका सत्राला टेराबाइट लागतात. माझा एनएमआरचा आख्खा वर्षाचा डेटा त्याच्या एका तासापुढे किस झाड की पत्ती, पण जागा भरली की पत्र मलाही येतं: जुन्या फाइली काढा.

मध्यंतरी एका मित्राने विचारलं, प्रथिनाच्या रचनेचं संगणकावर भाकीत करणारं अल्फाफोल्ड आल्यावर ही यंत्रं कशाला? मी त्याला माझ्या प्रथिनाचं भाकीत दाखवलं. घडी सुरेख, माझ्या मोजण्यांशी जुळणारी. पण ४६ ते ५३, तोच लूप, नारिंगी रंगात. म्हणजे विश्वासाचा अंक पन्नासच्या खाली, म्हणजे त्याला स्वतःलाच खात्री नाही. तो लूप हलतो. किती हलतो, कुठल्या वेगाने हलतो, हे शोधायला मी आहे. आणि अल्फाफोल्ड शिकलं ते कशावर? १९७१ मध्ये सात रचनांनी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँक या प्रथिन-रचनांच्या संग्रहावर, जिथली एकेक नोंद अशाच कुणाच्यातरी नळीतून, स्फटिकातून, ग्रिडवरून आलेली आहे.

बुकिंगचं सॉफ्टवेअर. दोन तासांचा, आठ तासांचा, चोवीस तासांचा असे तीनच स्लॉट. माझा प्रयोग सोळा तासांचा. चोवीस घेतला तर आठ तास वाया घालवल्याचा शेरा माझ्या नावापुढे; दोन आठ-आठचे घेतले तर मध्ये कोणी दुसराच घुसतो. पूर्वी दारावर कागद चिकटवलेला असायचा, पेन्सिलने नाव लिहायचं, खोडायचं, फोन करून अदलाबदल करायची. नळी अचानक तयार झाली तर कोणीतरी दोन तास सोडायचं. आता अठ्ठेचाळीस तासांच्या आत काहीच बदलता येत नाही. प्रथिनाला हे कोणी सांगितलेलं नाही.

मॅडमबद्दल मी वेगळं काही लिहिणार नव्हते, पण वर वाचलंत तर कळेल की या दहा महिन्यांत माझं जे काही सुधारलं ते त्यांच्या दोन प्रश्नांमुळे: मीठ किती, आणि मिथेनॉल लावलंस का. अपग्रेडच्या प्रस्तावात त्यांच्या हाताखाली एक माणूस मागितला होता. मिळाला नाही. सध्या त्या एकट्या तीन खोल्या सांभाळतात, नव्या मुलांना शिकवतात, हेलियम भरतात आणि पाण्याचा दाब पडला की मध्यरात्री फोन उचलतात. त्या रजेवर गेल्या त्या आठवड्यात एनएमआर चालू होतं, पण धड एकही नवा माणूस ते वापरू शकला नाही.

मग घ्यावं का नाव या केंद्रात? घ्या, डोळे झाकून घ्या. एवढंच करा: येण्याआधी बफरमधलं मीठ उतरवा. ३ मिलिमीटरच्या नळीचा स्पिनर (चुंबकात नळी धरणारा तुकडा) वेगळा असतो. नसेल तर मॅडमना आदल्या दिवशी सांगा. चेंजरवर प्रथिन ठेवायचंच असेल तर पहिल्या पाचांत जागा धरा. स्फटिक आणायचा असेल तर कोरडा दिवस बघा. थंड रॅक आणि आर्द्रताशोषक या दोन गोष्टींसाठी आम्ही अकरा जणांनी सह्या करून अर्ज दिलाय, त्यात तुमचीही सही चालेल.

आणि जुन्या प्रोबवरचा डेटा नव्याशी ताडून पाहणार असाल तर आधी तापमान मोजा. मिथेनॉलची नळी कन्सोलच्या डाव्या हाताच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, निळं टोपण. झालं की जागेवर ठेवा. गेल्या आठवड्यात ती शोधण्यात माझी वीस मिनिटं गेली.